कानावरचा ठिपका

त्या माळावर ससे राहत, आणि काही वर्षांनी एकदा तिथे धाप येई. धाप म्हणजे पश्चिमेच्या खडकांवरून सुटणारा करडा वारा. त्यात एक बारीक भुकटी असे आणि ती जमिनीलगत सरपटत येई. ती ज्याच्या छातीत शिरे तो ससा आधी शिंकू लागे, मग धापू लागे आणि चौथ्या दिवशी कायमचा गप्प होई. लहानांच्या छातीत ती आधी शिरे.

खडकाळीत राहणाऱ्या साळूंनी, म्हणजे साळिंदरांनी, फार पूर्वी यावर उपाय शोधला होता. ही भुकटी खडकांवर थर धरून बसे. साळू ती खरवडत, सात दिवस कडक उन्हात वाळवून निस्तेज करत, पाण्यात कालवत आणि आपल्या काट्याच्या टोकाने सशाच्या पिलाच्या कानात टोचत. पिलाला दोन दिवस ताप येई, टोचलेला कान खाली पडे, आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा राही. कानावर एक काळा ठिपका उरे. आठ दिवस उलटले की त्या पिलाला धापेचं भय नसे. मात्र महिन्याच्या आतल्या पिलाला काटा सोसत नसे.

हा उपाय इतका लागू पडला की धाप कशी असते हे माळ विसरून गेला. वारा मधूनमधून सुटे, पण कोणी धापत नसे. म्हातारे अजून त्याला धाप म्हणत, तरुण नुसता वारा म्हणत. आता ज्यांच्या अंगाखाली पिलं होती त्या आईबापांनी धापेने गेलेला ससा कधी पाहिला नव्हता. त्यांनी पाहिला होता तो फक्त काटा.

हरळी नावाची एक ससी माळाच्या मधोमध राहत असे. तिच्या नवऱ्याचं नाव मारवेल. त्यांची थोरली मुलगी कुंदा गेल्या वर्षी महिन्याची झाली, तेव्हा साळूबाईच्या दोन भाच्या माळावर आल्या होत्या. म्हाताऱ्या साळूबाईला आता सगळा माळ हिंडणं होत नसे, म्हणून बहुतेक कानांना या भाच्याच काटा लावत. त्या दिवशी त्यांना अजून चाळीस घरं करायची होती.

"काही त्रास होतो का हो?" हरळीने विचारलं होतं.

"काही होत नाही," थोरली भाची म्हणाली आणि कान धरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदाचं अंग तापून लाल झालं. मग ती एकाएकी ताठ झाली. डोळे वर गेले, चारही पाय हवेत झाडले जाऊ लागले. माळावरून ढगाची एक सावली सरकून जायला लागतो तेवढाच वेळ ते चाललं. हरळी तिच्यावर ओणवी होऊन तिचं नाव घेत राहिली. नंतर कुंदा सैल पडली, झोपली, आणि उठली तेव्हा तिने गवताचा कोवळा शेंडा मागितला. मारवेल घरी आला तेव्हा ती तो शेंडा खात बसली होती.

"ठणठणीत तर आहे," तो म्हणाला. त्याने ते पाहिलं नव्हतं, आणि हरळीला ते नीट सांगता येत नव्हतं.

तिने भाच्यांना गाठून सांगितलं. धाकटी म्हणाली, "काट्याने असं होत नाही. दुसरं काही असेल."

कुंदाचा कान तिसऱ्या दिवशी उभा राहिला. पुढे ती माळावरची सगळ्यात लांब उडी मारणारी पोर झाली. पण ते एक वाक्य हरळीच्या अंगात रुतून बसलं. काट्याची भीती कदाचित ओसरली असती. आपण डोळ्यांनी पाहिलेलं दुसऱ्याने 'झालंच नाही' म्हणावं, हे ओसरेना.

या वर्षी धाकटी लव्हाळी झाली आणि बघता बघता महिन्याची होत आली. त्याच सुमारास टिटवी ओरडत माळावरून फिरली.

टिटवीचं घर उघड्या जमिनीवर होतं, त्यामुळे तिला सगळं दिसे, आणि जे दिसे ते ती ओरडून सांगे. तिच्या मनात वाईट नसे. लांडगा आला की तीच आधी ओरडे, म्हणून तिच्या आवाजाला सगळे कान टवकारत. टिटव्यांना धाप होत नसे.

"राळ्याचे कान गेले! काटा टोचला आणि कान गेले! हाकेला वळत नाही!"

राळा म्हणजे ओढ्याकाठच्या तरवडीचा मुलगा. दोन दिवसांत ही गोष्ट माळभर झाली. पहिल्या दिवशी एक राळा होता, दुसऱ्या दिवशी तीन झाले. कोणी म्हणालं, साळूंच्या काट्यात मुळातच विष असतं. कोणी म्हणालं, इतकी वर्षं कोणी धापलं नाही, मग टोचायचं कशाला? पाच-सहा घरांनी ठरवलं की या वर्षी थांबून पाहू.

हरळीने काही ठरवलं नाही. ठरवणं तिला जमलंच नाही. भाच्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तिने लव्हाळीला उंच गवतात ढकललं आणि "निजलीय" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पोरीचं पोट बिघडल्याचं सांगितलं. त्या गेल्यावर प्रत्येक वेळी तिला सुटल्यासारखं वाटे, आणि ते वाटणं संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. ती चरायला बसे आणि दोन घास घेऊन उठे. लव्हाळीला एका जागी निजवी, मग ती जागा वाऱ्यावर आहे म्हणून दुसरीकडे नेई, तिथे मुंग्या दिसल्या म्हणून तिसरीकडे. पोरीचे दोन्ही कान ती चाटत बसे. स्वच्छ, गुलाबी, कोरे कान.

"किती दिवस लपवणार आहेस?" मारवेलने एकदा विचारलं.

"लपवत नाही. थांबलेय."

"कशासाठी?"

"तुम्ही कुंदाला पाहिलं नव्हतं."

"आता कुंदा कशी आहे ते पाहतोय ना? आपल्या दोघांच्या कानांवर ठिपके आहेत. आपल्याला काय झालं?"

"म्हणजे मला तेव्हा भास झाला?"

 मारवेलला तसं म्हणायचं नव्हतं.  तो म्हणाला, "शेवरीची पिलं बघ. चारही टोचून झाली. आता पाचवं झालंय तिला, त्याचा महिना भरायची ती वाट बघतेय." शेवरी ही त्याची बहीण. हरळी म्हणाली, "शेवरीच्या पिलांनी पाय झाडले नाहीत." आणि उठून लव्हाळीची जागा बदलायला गेली.

असे अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी सकाळी हरळी ओढ्याकाठी तरवडीकडे गेली. आपल्याला नक्की काय ऐकायचं आहे, हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

राळा पाठमोरा बसून लव्हाळ्याचं खोड कुरतडत होता. कानावर ठिपका होता. हरळीने हाक मारली. तो वळला नाही. तिने पुन्हा मोठ्याने हाक मारली. खोड कुरतडणं चालूच राहिलं. 

तरवडी बाहेर आली. तिने मागचा पाय जमिनीवर दोनदा आपटला. राळा लगेच वळला आणि धावत आईकडे आला.

"पायाने बोलावलं की येतो," तरवडी म्हणाली. "जमिनीतून कळतं त्याला."

"हे कधी कळलं तुला?"

"काय?"

"की पाय आपटला म्हणजे येतो."

तरवडी राळ्याचं अंग चाटू लागली. बराच वेळ चाटत राहिली.

"अगं, तो डोळे उघडून हिंडायला लागला तेव्हापासून मी पाय आपटतेय," ती शेवटी म्हणाली. "मला वाटायचं खोडकर आहे, मुद्दाम ऐकत नाही. याच्या मोठ्या भावाचीही अशीच सवय होती."

"म्हणजे काट्याआधीपासून."

"टिटवीने विचारलं, काटा टोचला होता का? मी म्हटलं, हो. तेवढंच विचारलं तिने."

"मग तू पुढचं सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं. नंतर बोलावून सांगितलं. ती म्हणाली, आता ते ओरडून झालंय, नवीन काही असेल तर सांग." तरवडीने मान खाली घातली. "आणि खरं सांगू? मलाही बरं वाटत होतं गं. काट्याने झालं म्हटलं की माझ्यामुळे नाही झालं. नाहीतर मी सारखी विचार करत बसते, पोटात होता तेव्हा मी काय खाल्लं, कुठे घसरले, कशाला घाबरले."

हरळीला तिचा राग आला नाही. ती तिच्याजवळ बसून राहिली. राळा दोघींच्या मध्ये येऊन बसला आणि दोघींच्या ओठांकडे आळीपाळीने पाहू लागला.

तिथून ती घरी गेली नाही. राळ्याचं कोडं सुटलं होतं, कुंदाचं सुटलं नव्हतं. ती तशीच खडकाळीकडे चालू लागली. ससे सहसा तिकडे जात नसत. दोन उड्या मारून ती थांबे, मागे बघे, परत फिरावं असं तिच्या मनात येई. ऊन चढलं तेव्हा ती साळूबाईच्या कपारीशी पोचली.

साळूबाई एका सपाट दगडावर भुकटी उलटीपालटी करत होती. तिचे निम्मे काटे झडले होते. हरळी दूरच उभी राहिली आणि तिथूनच तिने सगळं सांगितलं: अंग ताठ झालं, डोळे वर गेले, पाय झाडले. 'दुसरं काही असेल' हेही सांगितलं.

साळूबाईने हातातलं काम थांबवलं.

"काट्यानेच झालं ते," ती म्हणाली. "काट्याने ताप येतो, आणि ताप फार भरभर चढला की काही पिलं अशी ताठ होतात. माझ्या भाचीला ते माहीत आहे. तिला वाटलं, खरं सांगितलं तर तू घाबरशील."

 हरळी खाली बसली. वर्षभर तिला हे ऐकायचं होतं.

"लव्हाळीला पण होईल?"

"होऊ शकतं. होणार नाही असं मी म्हणणार नाही. बहीण ताठ झाली असेल तर शक्यता थोडी जास्तच."

"मग?"

"माझ्या हातून टोचलेल्यांत ताठ झालेली बावीस पिलं मला नावानिशी आठवतात. एकवीस जणांना त्याचं पुढे काही झालं नाही."

"आणि बाविसावं?"

"भादली." साळूबाईने नाव सावकाश घेतलं. "तिचा कान कायमचा पडला. चालताना एका अंगाला कलते. दर वर्षी एकदा मी तिच्याकडे जाऊन बसते. ती माझ्याशी बोलते, तिची आई नाही बोलत."

 मग हरळीने विचारलं, "आणि धाप? तुम्ही पाहिलीय?"

"मी लहान होते. माळावर एवढे ससे नव्हते तेव्हा, कारण पिलं टिकत नसत. नावं मला आठवत नाहीत. फार होती." तिने दगडावरच्या भुकटीवर पान झाकलं. "ही आजची वाळून तयार आहे. तू म्हणशील तर मी स्वतः येते, आणि ताप उतरेपर्यंत हलत नाही. नाही म्हणालीस तर तसंच परत जा, मी कोणाला सांगणार नाही. पण खडकांवर या वर्षी थर जाड आहे. ते नुसतं माझ्या मनात धरून ठेवणं बरोबर नाही, म्हणून सांगते."

त्या संध्याकाळी म्हातारी साळू कलत्या उन्हात माळ ओलांडून आली. मारवेलने तिला वाट करून दिली. हरळीने लव्हाळीला पोटाशी धरलं आणि तिचा कान स्वतः सरळ केला. काटा टोचला तेव्हा लव्हाळी एकदाच किंचाळली. हरळीने डोळे मिटले नाहीत.

पुढचा दिवस फार लांब होता. ताप चढला, कान पडला, लव्हाळीने दूध तोंडातून काढून टाकलं. हरळी घटकाघटकाला तिच्या पोटाला नाक लावून बघे. साळूबाई शेजारी बसून ओल्या शेवाळाने पोरीचे कान भिजवत होती. "पांघरूण घालू नको. उघडी राहू दे. ताठ झालीच तर एका कुशीवर कर, तोंडात काही घालू नको आणि धरून ठेवू नको." दुपारी लव्हाळीचा मागचा पाय एकदा थरथरला. हरळी तिला कुशीवर करायला वाकली. पाय पुन्हा थरथरला आणि थांबला. लव्हाळीच्या पायावरून मुंगी चालली होती. हरळी हसली आणि त्याच दमात रडू लागली. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार कलताना ताप उतरला. साळूबाई तेव्हाच उठली आणि म्हणाली, "आठ दिवस. तोवर हिला वाऱ्यावर नेऊ नको."

पण कान उभा राहिला तरी हरळीची घालमेल थांबली नाही. तिने नुसती बाजू बदलली. आता ती काट्याचं भय सोडून दिवस मोजत होती. चौथा. पाचवा. सहाव्या दिवशी पहाटे पश्चिमेचं आभाळ करडं झालं.

वारा सुटला की काय करायचं याची माळावर जुनी रीत होती. ज्यांच्या कानांवर ठिपके असत ते सगळे वाऱ्याकडे तोंड करून अर्धगोलात बसत, अंगाला अंग लावून. दोन मोठे ससे शेजारी बसले की त्यांच्या कुशींमध्ये जमिनीलगत एक फट राही. त्या फटीत त्यांची ठिपकेवाली पिलं बसत. ज्यांना अजून काटा सोसत नाही अशी कोवळी पिलं आणि थकलेले म्हातारे अर्धगोलाच्या आड. इतकी वर्षं तरुण ससे हे नुसती रीत म्हणून करत; बसल्या बसल्या गप्पा मारत, पिलं कंटाळत.

त्या दिवशीही सगळे येऊन बसले. हरळी आणि मारवेल शेजारी बसले. कुंदा मारवेलच्या दुसऱ्या कुशीला होती. हरळी आणि मारवेल यांच्या मधल्या फटीत बसवायला कोणी नव्हतं. लव्हाळीचे सहाच दिवस झाले होते, म्हणून तिला दूर मागे, म्हाताऱ्यांच्या पलीकडे, एका दगडाच्या आडोशाला ठेवलं होतं. त्यांच्या बरोबर मागे शेवरी आपल्या अकरा दिवसांच्या पिलाला कवटाळून बसली होती. अर्धगोलात आणखी पाच-सहा ठिकाणी अशाच रिकाम्या जागा होत्या.

"जवळ सरका," मारवेल म्हणाला. हरळी सरकली. त्यांच्यातली फट बुजली, पण तिच्या डाव्या बाजूला उघडी पडली. तिथला ससा सरकला, तर त्याच्या पलीकडे पडली. मग कोणीतरी ओरडलं, आमच्या पोराला उघडं पाडता का, आणि सगळे पुन्हा होते तिथे आले. तीन दिवस वारा होता, आणि तीन दिवस ती रांग एकसारखी हलत होती. कोणाला स्वस्थ बसता येत नव्हतं. टिटवी वरून ओरडत होती, "धाप आली! धाप आली!" आणि ती आलीच होती. हरळी पोट जमिनीला टेकवून, अंग फुगवून, होईल तेवढी रुंद होऊन बसली. तिच्या नाकातोंडात भुकटी गेली, दोन शिंका आल्या, बाकी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मागून एक बारीक शिंक ऐकू आली. तिने वळून पाहिलं नाही. वळली असती तर फट आणखी मोठी झाली असती.

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडला. थांबून पाहणाऱ्या घरांतली दोन पिलं धापून गेली होती आणि तिसरं धापत होतं. लव्हाळी धडधाकट होती. शेवरीचं पिलूही गप्प झालं होतं. त्याला नाव ठेवायचं अजून राहिलं होतं. शेवरी ते चाटत बसली होती, आणि तिची चार ठिपकेवाली पोरं तिच्याभोवती उभी होती. हरळी तिच्यापाशी गेली. शेवरी म्हणाली, "तुझी बरी आहे ना?" हरळीने मान डोलावली. शेवरी म्हणाली, "बरं झालं," आणि पुन्हा चाटू लागली.

एकेक ससा उठून गेला, तसा माळ दिसू लागला. सगळीकडे भुकटीचा करडा थर होता. फक्त जिथे जिथे कोणी बसलं होतं, तिथून मागे गवताचा एक हिरवा पट्टा स्वच्छ राहिला होता. मोठ्यांच्या मागे रुंद, पिलांच्या मागे अरुंद. आणि हिरव्याच्या मधून सहा-सात करडे पट्टे आत गेले होते. त्यांतला एक हरळी आणि मारवेल यांच्या जागांच्या मधून निघाला होता आणि सरळ शेवरीच्या पायांशी जाऊन थांबला होता.

तीन दिवस दगडाआड कोंडलेली, आता आठ दिवस भरलेली लव्हाळी उड्या मारत आली. तिने त्या पट्ट्याचा वास घेतला, त्याच्यावरून चालत दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि आईबापांच्या दोन हिरव्या जागांच्या मध्ये, जिथे तो सुरू होत होता, तिथे खेळता खेळता बसली. दोन्ही बाजूंना काडीभरही जागा उरली नाही.